काटा, परिचारिका आणि घरचीं माणसें

एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे दीर कित्येक वर्षांपासून लंडन येथें स्थायिक झालेले असून, त्यांची सतरा वर्षांची कन्या दोन महिन्यांपासून तेथील एका रुग्णालयांत आहे. रोगाचें नांव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. पत्रांतील तक्रार अशी कीं, आठवड्यांतून दोनदां मुलीचें वजन घेतात. परंतु तें घेतांना तिला काट्याकडे पाठ करून उभी करतात आणि आंकडा तिला सांगत नाहींत. इकडे पुण्यास तिची आजी दर खेपेस दूरध्वनीवरून एकच प्रश्न करते, "किती भरलें ग?" मुलगी गप्प बसते, नाहीं तर रडूं लागते. "शरीर जिचें तिच्यापासूनच त्याचें वजन लपवावयाचें, ही कसली शुश्रूषा?" असें भगिनींनीं विचारलें आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं, म्हणून या महिन्याचें सदर त्यालाच देतों.

प्रथम रोगाच्या नांवाविषयीं. ग्रीक भाषेंत 'ऑरेक्सिस' म्हणजे इच्छा, भूक. आणि त्याच्या आरंभीं जोडलेला 'अन्' हा आपल्या 'अनिच्छा' या शब्दांतील 'अन्'चा सख्खा भाऊ. अर्थ झाला क्षुधानाश. नांव सुटसुटीत आहे, पण दिशाभूल करणारें आहे. या रोगांत भूक मेलेली असतेच असें नाहीं. पुष्कळदां ती कमालीची जागी असते आणि रोगी तिच्याशीं रात्रंदिवस झुंजत असतो. आयुर्वेदांत अरोचक व भक्तद्वेष हे विकार सांगितले आहेत, आणि शोक, भय, क्रोध यांमुळें अन्नावरची वासना उडते हेंही तेथें नमूद आहे. परंतु वजन वाढण्याची जी अनावर भीति या रोगाच्या मुळाशीं बहुधा असते, ती त्या वर्णनांत नाहीं; तेव्हां 'हें आमच्याकडे पूर्वींच ठाऊक होतें' असें म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. 'बहुधा' म्हणण्याचें कारण असें कीं, हाँगकाँगचे मानसवैद्य सिंग ली यांनीं १९९० च्या दशकांत दाखवून दिलें कीं, तिकडील कित्येक रुग्ण जाड होण्याच्या भीतीचें नांवही काढीत नाहींत. पोट भरल्यासारखें वाटतें, खाववत नाहीं, एवढेंच सांगतात. आपल्याकडील वैद्यांनींही हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे, आणि चित्रपटांतील नट्यांचें अनुकरण एवढेंही नव्हे. मानसिक व्याधींपैकीं ज्यांत मृत्यूचें प्रमाण फार मोठें आहे, अशा व्याधींत याची गणना होते. मुलींत तो अधिक आढळतो, पण मुलगे त्यांतून सुटलेले नाहींत.

१८७३ सालीं लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघां वैद्यांनीं स्वतंत्रपणें या रोगाचें वर्णन प्रसिद्धीस आणलें. गल यांच्या निबंधांत 'मिस ए' एवढ्याच अक्षरानें उल्लेखिलेली एक मुलगी आहे. तीही सतरा वर्षांचीच. १७ जानेवारी १८६६ रोजीं तिला त्यांच्याकडे आणलें, तेव्हां तिची उंची ५ फूट ५ इंच होती आणि वजन ८२ पौंड, म्हणजे आपले सुमारे ३७ किलो. त्याआधीं ती ३३ पौंडांनीं उतरली होती. नाडी मिनिटास ५६, श्वास १२. फुप्फुसें निर्दोष, हृदयाचे ठोके निर्दोष, दुखणें कोठेंच नाहीं. आणि इतकी अस्थिपंजर झालेली ती मुलगी स्वस्थ बसत नव्हती, तिची हालचाल सारखी चालू होती! गल यांनीं तिला सिंकोना दिला, लोहाचीं निरनिराळीं औषधें दिलीं, पाऱ्याचें औषध दिलें, आणि यांपैकीं कशाचाही गुण दिसला नाहीं हें त्यांनीं स्वतःच प्रांजळपणें लिहून ठेविलें. पुढें मार्च १८६८ मध्यें तिचें वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो भरलें. सव्वीस महिन्यांत ४६ पौंड. आमच्या मतें या निबंधांतील सर्वांत बोलके शब्द म्हणजे हे दोन आंकडे होत. औषधांचीं नांवें गेलीं, उपपत्ति बदलल्या, पण ८२ आणि १२८ अजून तसेच उभे आहेत.

तथापि आंकडा बोलका व्हावयाचा तर तो खरा असला पाहिजे, आणि माणसाचें वजन ही दिसते तितकी स्थिर वस्तु नव्हे. इटलींत पादुआ येथें सांतोरियो नांवाचा वैद्य होऊन गेला. त्यानें काट्याला खुर्ची टांगून तींत बसून अनेक वर्षें स्वतःचें वजन केलें; खाल्लेलें, प्यालेलें, उत्सर्जिलेलें, सर्व तोललें; आणि १६१४ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. शरीर घडोघडीं हलकें-जड होत असतें, नुसत्या अदृश्य घामानेंही उतरतें, हें त्यानें दाखविलें. एक लिटर पाणी प्यालें कीं वजन एक किलोनें वाढतें. त्यासाठीं पचनही व्हावें लागत नाहीं. मग रुग्णालयांत एका आठवड्यांत अर्धा ते एक किलो वाढ व्हावी अशी जेथें अपेक्षा, तेथें नुसतें लोटाभर पाणी सगळा हिशेब उलटापालटा करूं शकतें, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

म्हणूनच चांगल्या रुग्णालयांत वजन घेण्याचा विधि सोवळ्याइतका काटेकोर असतो. (हा शब्द आम्ही थट्टेनें वापरीत नाहीं.) वार ठरलेला असतो आणि तो रुग्णास आधीं सांगितलेला असतो. वेळ सकाळची, लघुशंकेस जाऊन आल्यानंतरची आणि न्याहारीच्या पूर्वींची. अंगावर एक पातळ झगा. पायांत कांहीं नाहीं, हातांत घड्याळ वा बांगड्या नाहींत, केसांत जड चाप नाहीं. काटा प्रत्येक वेळीं तोच. तो सपाट, कठीण फरशीवर ठेविलेला आणि मधून मधून तपासून घेतलेला. खोली निराळी, दार लोटलेलें. शक्य तर परिचारिकाही तीच. आंकडा लागलीच कागदावर उतरवावयाचा, स्मरणावर ठेवावयाचा नाहीं.

यांतील प्रत्येक बारकाव्यास दोन कारणें आहेत. एक गणिताचें: ज्या गोष्टी स्थिर ठेवतां येतील त्या स्थिर ठेविल्या म्हणजे जें बदलतें तें काय हें कळतें. दुसरें कारण सहज ध्यानांत येत नाहीं, पण तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. या मुलीच्या दृष्टीनें काट्यावर चढणें म्हणजे न्यायासनापुढें उभें राहणें. तो दिवस उजाडण्याच्या आदल्या रात्रीं तिला झोंप नसते. अशा वेळीं आज हा काटा, उद्यां तो. आज सकाळीं, उद्यां जेवणानंतर. आज दोघींसमक्ष, उद्यां चौघींसमक्ष असें झालें, तर तिची भीति शतगुणित होते. विधि ठरलेला असला म्हणजे निदान त्याच्या आगेंमागें काय होणार हें तरी तिला ठाऊक असतें. लहान मूलसुद्धां रोजच्या ठरलेल्या पद्धतीनें केलें तरच औषध घेतें.

वजन रोज कां घेऊं नये, असें कोणी विचारील. उपचाराच्या अगदीं पहिल्या दिवसांत, जेव्हां अंगांत पाणी सांठण्याचा धोका असतो, तेव्हां वैद्य रोजही घ्यावयास सांगतात. एरवीं मात्र रोजचें वजन म्हणजे पाणी, मीठ आणि मलावरोध यांचीच वार्ता. त्यांत मांस किती आणि रक्त किती हें कांहींच कळत नाहीं. आठवड्यांतून एकदां वा दोनदां घ्यावें आणि तीन-चार आठवड्यांची रेघ पाहावी. एका बिंदूनें रेघ होत नाहीं, हें भूमितीच्या पहिल्या धड्यांत आम्ही मुलांस शिकवीत असूं.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळूं. हे रुग्ण पुष्कळदां फसवितात. वजनापूर्वीं भराभर पाणी पितात, कपड्यांत जड वस्तु दडवितात. घरच्या माणसांस हें कळलें म्हणजे त्यांस फार लागतें. 'आमची मुलगी खोटें बोलते!' म्हणून आईबाप हबकतात. आपण असें समजावें कीं, बुडणारा मनुष्य वांचविणाऱ्याच्या गळ्यास मिठी मारतो, त्यांत त्याचा दुष्टावा नसतो. शिकलेली परिचारिका यास चोरी म्हणत नाहीं, लक्षण म्हणते. ती मूत्राचें विशिष्ट गुरुत्व पाहते. पाणी फार पोटांत गेलें असेल तर तें निव्वळ पाण्याच्या गुरुत्वाजवळ येऊन ठेपतें. संशय आल्यास ती वैद्यास सांगते, कारण एकाएकीं फार पाणी पिण्यानें रक्तांतील सोडियम उतरून झटके येऊं शकतात, प्रसंगीं प्राणावर बेततें. मग ती मुलीशीं एकांतांत बोलते, आणि बोलते तें असें कीं, "आजचा आंकडा खरा नसावा असें मला वाटतें. तुला फार भीति वाटत होती का?" झडती घेणारा शिपाई आणि विचारपूस करणारी परिचारिका यांची कृति कधीं कधीं एकच असते, स्वरांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर असतें, आणि तें रुग्णास पहिल्या शब्दांतच कळतें.

आंकडा मिळाला, तो खराही आहे असें धरूं. त्याचा अर्थ काय? बेल्जमचे गणिती केटले यांनीं एकोणिसाव्या शतकांत सुचविलेलें गुणोत्तर आज सर्वत्र वापरतात. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावयाचें. प्रौढांच्या बाबतींत हा भागाकार १८.५ च्या खालीं गेला कीं तें वजन कमी समजतात. गल यांच्या मुलीचें गणित आम्ही करून पाहिलें. येतांना तो १३.६ होता, आणि दोन वर्षांनंतर २१.३. सतरा वर्षांच्या मुलीस वयाप्रमाणें निराळें कोष्टक लावावें लागतें हें खरें, तरी ती मृत्यूच्या किती जवळ जाऊन परतली याची कल्पना यावरून यावी.

पण नुसत्या वजनावर विसंबणें हाही एक मोठा धोका आहे. मूळची धष्टपुष्ट असलेली मुलगी चार महिन्यांत वीस किलोंनीं उतरली, तर तिचें वजन पाहणारास बेताचें दिसेल. आंतून तिचें हृदय थकलेलें असेल. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्स या संस्थेनें २०२२ सालीं जे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांत वजनाबरोबरच नाडी, रक्तदाब, शरीराची उष्णता, रक्तांतील क्षार, आणि उकिडवें बसून हातांच्या आधाराशिवाय उठतां येतें कीं नाहीं, या सर्वांस स्थान दिलें आहे. शेवटची परीक्षा तर आपल्या आजीबाईंनींही ओळखावी इतकी साधी आहे. तसेंच, वजन भराभर वाढावें म्हणून एकदम भरपूर खाऊं घालणें हेंही घातक. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहांत अन्न अकस्मात् गेलें म्हणजे रक्तांतील फॉस्फेट झपाट्यानें उतरतें आणि हृदय बंद पडूं शकतें. 'तूपभात घाला, आठ दिवसांत उभी राहील' हा सल्ला प्रेमाचा असला तरी वैद्याच्या नजरेखालींच अमलांत आणावयाचा असतो.

वजन आणि मन यांचा संबंध किती घट्ट आहे याचें एक उदाहरण देण्याजोगें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस त्यांच्या संमतीनें चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. युद्धानें उपासमार झालेल्या लोकांस पुनः कसें पोसावें हें शोधावयाचें होतें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें उतरलें. पण आश्चर्य हें कीं, ज्यांस पूर्वीं अन्नाचें विशेष कौतुक नव्हतें ते पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. चिडके झाले, एकलकोंडे झाले, एक घांस घोळवून घोळवून खाऊं लागले. म्हणजे रोगाचीं म्हणून जीं लक्षणें आपण पाहतों, त्यांतील बरींच निव्वळ उपासमारीचीं असतात. देह भरल्याशिवाय मन वळत नाहीं. म्हणून 'आधीं तिची समजूत घाला, मग ती जेवील' हा क्रम या रोगांत बहुधा उलटा करावा लागतो. परिचारिका काट्याविषयीं इतकी आग्रही कां असते, त्याचें कारण हें.

आतां भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे येतों. आंकडा दाखवावा कीं लपवावा?

याविषयीं जाणत्यांत एकमत नाहीं. पाठ फिरवून वजन घेण्याचें समर्थन असें कीं, रोगाच्या ऐन भरांत पाव किलोची वाढसुद्धां मुलीस असह्य होते, आणि त्या दिवशींचें जेवण ती टाकते. तो एक दिवस वांचवावयाचा असेल तर आंकडा तिच्या डोळ्यांआड ठेवणें ही दया आहे. दुसरा पक्ष म्हणतो, लपविलेली वस्तु वाढते. न दिसलेला आंकडा ती मनांत दुप्पट करून घेते. आणि रुग्णालयांतून बाहेर पडल्यावर जग कांहीं पाठ करून उभें राहत नाहीं, तेथें पावलोपावलीं काटे आहेत. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतींत आठवड्यांतून एकदांच, उपचारकासमवेत, उघड वजन करतात. मधल्या काळांत मुळींच नाहीं. आणि एका आंकड्यावरून कांहीं ठरवावयाचें नाहीं, रेघ वाचावयाची, हें रुग्णास हळूहळू शिकवितात.

आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें, पण एका अटीवर. अट ही कीं, दाखविणारा मनुष्य शांत असावा, आणि आंकड्यानंतर पांच मिनिटें जवळ बसण्यास त्यास सवड असावी. ती नसेल तर पाठ फिरविलेली बरी. भगिनींच्या पुतणीस आज आंकडा सांगत नाहींत, यावरून तो कधींच सांगणार नाहींत असें होत नाहीं. 'केव्हां सांगणार?' असें तिनें स्वतः किंवा तिच्या आईबापांनीं तेथील परिचारिकेस विचारावें. तसा प्रश्न विचारण्यास कांहीं हरकत नसते, आणि चांगल्या ठिकाणीं हा निर्णय रुग्णाशीं बोलूनच घेतात. मात्र आंकडा तिच्यापासून राखून तो आजी, काकू, मामा, आत्या यांस कळवीत राहणें हें सर्वथा अनुचित. तिला जें माहीत नाहीं तें पुण्यास साऱ्या घरास माहीत असावें, याहून मोठा अपमान कोणता?

शाळांतून वर्षांतून एकदां मुलांचें वजन घेण्याचा प्रघात आहे. एक मास्तर काट्याजवळ उभा राहून आंकडा मोठ्यानें ओरडतो आणि दुसरा तो वहींत लिहितो. चाळीस मुलें ऐकत असतात. त्यांत जी मुलगी सर्वांत जड आणि जी सर्वांत हलकी, त्या दोघींचीं नांवें त्या वर्षापुरतीं ठरून जातात. ही पद्धत आम्हांस कधींच रुचली नाहीं. शेजारच्या खोलींत एकेकीस बोलावून, आंकडा न उच्चारतां लिहिल्यानें अर्धा तास जास्त लागतो, इतकेंच.

आतां बोलण्याविषयीं, कारण आपल्या एकत्र कुटुंबांत हाच खरा प्रश्न आहे. वजन वाढलेलें दिसतांच चांगली परिचारिका "शाब्बास!" म्हणत नाहीं, आणि उतरलेलें दिसतांच कपाळास आंठी घालीत नाहीं. "झालें, खालीं उतर, चल, न्याहारीला जाऊं," एवढेंच. नवख्या मनुष्यास हें कोरडें वाटेल. पण या मुलीच्या कानांत शब्दांचें भाषांतर होऊन जातें. "आतां कशी छान दिसतेस" याचें भाषांतर 'जाड झालीस'. "गालांवर जरा मांस आलें हो!" याचें भाषांतर 'आतां थांब, खाऊं नकोस'. "बाळसें धरलें" हा तर आपल्याकडील केवढा प्रेमळ शब्द, पण त्यानेंही एक आठवड्याची मेहनत वायां जाऊं शकते. उलट "किती वाळलीस ग!" हें तिला प्रशस्तिपत्रासारखें लागतें. म्हणून अंगलटीविषयीं चांगलें नको, वाईटही नको. आजींनीं तिला विचारावें कीं, खिडकींतून झाड दिसतें का, कोणतें पुस्तक चालू आहे, तिकडे थंडी पडली का. "किती भरलें?" हा प्रश्न घरांतून अजीबात उठवावा.

नातलगांच्या बोलण्याचा हा उपद्रव जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत अन्न कसें द्यावें यावर एक प्रकरण आहे, आणि आजाऱ्यास भेटावयास येणाऱ्यांच्या पोकळ आशा व फुकट उपदेश यांवरही एक स्वतंत्र प्रकरण आहे. लासेग यांनीं तर घरच्या माणसांचें चित्रच काढलें: आधीं विनवण्या, मग धमक्या, आणि दोहोंमुळें रोग्याचा प्रतिकार अधिकच पक्का. गल यांचें मत असें कीं, अशा रोग्याच्या शुश्रूषेस नातलग व स्नेही हे सामान्यतः सर्वांत अयोग्य. हें वाचून आईबापांच्या काळजास किती घरें पडलीं असतील! पुढें जवळजवळ शंभर वर्षें पुष्कळ ठिकाणीं मुलीस घरापासून तोडून ठेवणें हाच उपचाराचा आरंभ समजला गेला.

सुदैवानें तें मत आतां तसें राहिलेलें नाहीं. लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयांत जेरल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आइस्लर प्रभृतींनीं आईबापांसच उपचाराच्या मध्यभागीं आणून बसविलें. १९८७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्यांचा रोग लहान वयांत सुरू झाला आणि फार जुना झालेला नाहीं, अशा रुग्णांस घरच्यांसह केलेल्या उपचाराचा अधिक गुण येतो. या पद्धतींत प्रत्येक भेटीच्या आरंभीं उपचारक मुलीचें वजन करतो, आलेखावर बिंदु मांडतो, आणि तो आलेख तिच्यासमक्ष आईबापांपुढें ठेवतो. तेथें आंकडा कोणापासूनही गुप्त नाहीं. पण तो ऐकणारीं माणसें तीन-चारच, आणि तीं एका टेबलाभोंवतीं बसलेलीं. दोष कोणाच्याही माथीं मारावयाचा नाहीं, हा या पद्धतीचा पहिला नियम. लासेग यांच्या वर्णनांतील आईबाप आणि हे आईबाप यांच्यांत प्रेमाचा फरक नाहीं; दुसऱ्यांस काय करावयाचें हें कोणी तरी शिकविलें, एवढाच फरक आहे.

आपल्या घरांतून आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती उपवासाची. एकादशी, सोमवार, चातुर्मासांतील नेम यांच्या पडद्याआड हा रोग महिनोन्महिने लपून राहूं शकतो, आणि वडील माणसें मुलीच्या धार्मिकतेचें कौतुक करीत राहतात. ओळखण्याची खूण अशी कीं, उपवासाला पारणें असतें. द्वादशी उजाडली कीं उपाशी मनुष्य आनंदानें पानावर बसतो. जिला पारण्याचीच धास्ती वाटते, जी एक व्रत संपतांच दुसरें धरते, तिच्याकडे नीट पाहावें. आजाऱ्यास शास्त्रानें उपवासांतून सूट दिलेली आहे. घरांतील वडील बाईंनीं ती सूट आपल्या तोंडानें सांगितली तर मुलीस तिचा मोठा आधार होतो. आजींस काम हवें असेल तर हें काम त्यांचेंच आहे.

रुग्णालयांतून घरीं आल्यावर वजनाची व्यवस्था कशी असावी, हें भगिनींनीं विचारलेलें नाहीं, तरी लिहितों. न्हाणीघरांतील काटा उचलून ठेवावा. तो घरांत असला म्हणजे ही मुलगी दिवसांतून दहादां त्यावर चढेल, नाहीं तर त्याच्या धाकानें न्हाणीघरांतच जाणार नाहीं. वजन उपचारकाकडेच व्हावें; त्यांनीं घरीं करावयास सांगितलें असेल तर त्यांनीं ठरविलेला एकच वार, एकच मनुष्य, एकच वही. तो मनुष्य बहुधा आई किंवा बाप. पण त्यांच्यापैकीं जो अधिक शांत असेल तो. वही कपाटांत, जेवणघरांत नव्हे. भावंडांस आंकडा सांगूं नये, आणि भावंडांचीं वजनें तिच्यासमोर काढूं नयेत. वजन सलग दोन आठवडे उतरलें तर घरांत चर्चा न करतां उपचारकास कळवावें. चक्कर आली, नाडी फार मंद झाली किंवा पाणीही जाईनासें झालें तर वाराची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दिवाळीच्या आठवड्यांत वजनाचा वार आला तर तो टाळूं नये आणि पुढेंही ढकलूं नये. चकली-चिवड्यांतील मिठानें अंगांत पाणी धरून आंकडा थोडा पुढें दिसेल, एवढें तिला आदल्या दिवशींच सांगून ठेवावें.